मालवणला स्कूबा बुक करताय? बोट डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका

१०,८०० रुपये गेले. चौघांच्या स्कूबाचे आणि पॅरासेलिंगचे. स्कूबा राहू दे, आम्ही बोटीत पायसुद्धा ठेवला नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण ज्या नंबरवर आमचे पैसे गेले तो नंबर मी हे लिहीपर्यंत चालू आहे.

मी, मावसभाऊ आणि दोन मित्र पाठीवर सॅक टाकून कोकण फिरायला निघालो होतो. मिळेल ती एसटी, परवडेल तिथे मुक्काम. आधीपासून ठरलेली गोष्ट एकच होती, मालवणला स्कूबा. सीझनला ऐनवेळी जागा मिळत नाही असं सगळेच सांगतात, म्हणून इन्स्टाग्रामवरच्या एका पेजला मेसेज टाकला. माणशी २,२०० रुपयांत स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड आणि त्सुनामी आयलंड, वर पाण्याखालचा व्हिडिओ फुकट. अर्ध्या किमतीत देतो म्हणाला असता तर तिथेच सोडून दिलं असतं. पण दर इतरांएवढाच होता, बोलणं अदबीचं होतं, आणि देवबागचा संगम, तारकर्ली, कर्ली नदी ही नावं तो सहज घेत होता. निम्मे आगाऊ म्हणून ४,४०० पाठवले. एवढा आगाऊ कोकणात साधा होमस्टेवालाही मागतो.

मग आम्ही रेल्वेत असताना त्याचा फोन आला. रत्नागिरी मागे पडली होती, बोगदे लागत होते, आवाज तुटत होता. म्हणाला, लाइफ जॅकेट आणि सिलिंडरचं डिपॉझिट माणशी ५०० भरावं लागेल, राइड झाली की परत. आणि त्याच दमात म्हणाला, "सकाळी गाडी किल्ल्याच्या गेटपाशीच लावा सर, तिथे आपलं पार्किंग आहे."

किल्ल्याच्या गेटपाशी! सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. १६६४ साली महाराजांनी भर समुद्रात पाया घालून बांधलेला जलदुर्ग, हे चौथीतलं पोरही सांगेल. तिथे जायचं तर मालवणच्या जेट्टीवरून होडीच करावी लागते. मालवणात एक दिवस काढलेला माणूसही हे वाक्य बोलणार नाही. ते ऐकलं मी, पण लगेच बोगदा आला आणि फोन कट झाला. पुन्हा लागला तेव्हा मी धरून चाललो की त्याला जेट्टीच म्हणायचं असेल. आजही रात्री ते वाक्य आठवलं की झोप उडते. २,००० पाठवले. स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल दुकानाचं. विचारलं, तर म्हणाला, "भावाचं दुकान आहे, आमचं अकाउंट तोच बघतो." कोकणात एकाच घरात दुकान, होमस्टे आणि बोट असतेच की, त्यात संशय कसला घ्यायचा?

आदल्या संध्याकाळी तिसरा फोन. देवबागला सकाळी रेंज नसते, पेमेंट अडकतं, बाकीचे आत्ताच टाका. रेंज नव्हतीच, आम्ही स्वतः ती शोधत रस्त्यावर उभे होतो. गेले आणखी ४,४००.

सकाळी सातला संगमावर पोचलो. फोन उचलेना. बोट सोडायच्या घाईत असलेल्या एका काकांना पेजचं नाव दाखवलं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा केला आणि म्हणाले, "बोट माझी आसा. पण ह्या नावाचा हयसर कोणच नाय. पैसे कित्याक दिलात आधी?" त्यांच्याच बोटीचा फोटो चोरून लावला होता. बदनामी होते ती अशा खऱ्या धंदेवाल्यांची.

खरा डायव्हिंगवाला पाण्यात उतरवण्याआधी दमा, बीपी, कानाचा त्रास विचारतो, फॉर्मवर सही घेतो. ह्याने एका शब्दाने विचारलं नाही, आणि मावसभावाला दमा आहे. परवाना आणि बोटीचा नोंदणी नंबर आधी मागा, टाळाटाळ झाली की फोन ठेवा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक दगावले, तेव्हा प्रश्न फक्त पैशांचा नाही.

आता पोलीस. एका ठाण्यात गेलो, तर साहेब जेवायला गेलेले. आल्यावर पहिला प्रश्न, "खातं कुठलं? पुण्याचं? मग तक्रार पुण्यात द्या." पुण्यात गेलो तर म्हणे घटना सिंधुदुर्गातली, तिकडेच जा. अरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ काय म्हणतं? गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची. हे मी बोलून दाखवलं, तर "तुम्ही वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. वाद घालून शिक्का मारून घेतला. बँकेचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आमची जबाबदारी नाही. परवान्यांच्या खिडकीवर सांगितलं की हे नाव आमच्या यादीतच नाही, मग कारवाई कोणावर करणार? म्हणजे परवाना असलेल्याने चूक केली तर त्याला दंड, आणि ज्याने परवानाच काढला नाही तो मोकळा! एवढी कार्यालयं फिरलो, एकाही माणसाने तो नंबर लावून बघितला नाही.

पैसे गेल्याचं कळलं त्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. ठाण्यात नंतर जा. आम्ही आधी ठाण्यात बसलो, दुपार तिथेच गेली, तोवर पैसे पुढच्या खात्यात वळलेले. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवा, चॅट डिलीट करू नका. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे थेट चौकशी करता येते.

माझी एकट्याची १०,८०० ची तक्रार कोणी मनावर घेत नाहीये. देवबागचा संगम, डिपॉझिट ५०० आणि मोबाइल दुकानाच्या नावाचं खातं, असं कोणाच्या बाबतीत झालं असेल तर रक्कम कितीही लहान असू दे, cybercrime पोर्टलवर नाही जमलं तर १९३० वर तरी नोंदवाच.