भाड्याच्या चिलर-बॉयलरचा बॅकअप प्लॅन करून घेतला, त्याचा अनुभव

हॉस्पिटलचा प्लांट सांभाळतो मी. 200 टनांचे (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) दोन चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी मशीन, चालू, एक स्टँडबाय, म्हणजे कागदावर एन प्लस वन (गरजेपेक्षा एक मशीन जास्त), त्यामुळे आम्ही निर्धास्त. आणि नेमकं स्टँडबायचं ओव्हरहॉल चालू असताना, मशीन उघडं पडलेलं असताना, चालू दोघांपैकी एकाचा कॉम्प्रेसर गेला. भाड्याचा चिलर सहा तासांत गेटवर आला, पण जोडणार कुठे? हेडरला, म्हणजे थंड पाण्याच्या मुख्य पाइपला, टी (जोडणीचा फाटा) नाही, व्हॉल्व नाही. लाइन रिकामी करून कटिंग-वेल्डिंग करण्यात अख्खी रात्र गेली. तोवर ठरलेली ऑपरेशन्स पुढे ढकलली आणि होतं नव्हतं ते थंड पाणी आयसीयू आणि एमआरआयकडे वळवलं, कारण एमआरआयचं कूलिंग बराच वेळ बंद राहिलं की आतला हेलियम उडायला लागतो.

त्यानंतर एका रेंटल कंपनीकडून पूर्ण प्लॅन करून घेतला. सर्व्हेला आलेल्यांचा पहिलाच प्रश्न मला आवडला, प्लांट किती टनांचा हे नाही विचारलं, काय काय बंद पडून अजिबात चालणार नाही ते विचारलं. एएचयू (खोल्यांत थंड हवा सोडणारी युनिट्स) एकेक करून बघितले, आकडा निघाला 220 टन. मी म्हटलं मग 220 चं मशीन पुरे, तर म्हणाले कॅटलॉगमधली कपॅसिटी 35 अंशांच्या हवेला असते, तापलेल्या गच्चीवर तेवढी मिळत नाही, म्हणून 150 ची दोन लिहिली. पाणी 7 अंशांना जाऊन 12 अंशांना परत येतं, त्या हिशोबाने 220 टनांना तासाला 133 घनमीटर पाणी लागतं, म्हणून हेडरला 6 इंची टी, बटरफ्लाय व्हॉल्व आणि त्यावर ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद ठेवणारी चकती). टनामागे सव्वा किलोवॅट धरून डीजी (जनरेटर) पॅनेलवर वेगळा ब्रेकर. ट्रेलर कुठे उभा राहील, होज कुठून जातील, रुग्णवाहिकेचा रस्ता मोकळा राहतो का, हे सगळं जागेवर खडूने आखून दाखवलं.

पण पैसे वसूल झाले ते ड्रिलमध्ये, म्हणजे भाड्याचं मशीन खरंच आणून जोडून बघण्याच्या रंगीत तालमीत. ब्लाइंड फ्लँज उघडली तर नवा कोरा व्हॉल्व गळत होता, सीटमध्ये वेल्डिंगचा कण अडकलेला. होज फ्लश केले तर पहिलं पाणी काळपट आलं, ते तसंच इव्हॅपोरेटरमध्ये (चिलरमध्ये पाणी जिथे थंड होतं तिथे) गेलं असतं तर? गाडी गेटवर आल्यापासून थंड पाणी सुरू व्हायला 3 तास 40 मिनिटं लागली, आणि खऱ्या वेळेला आम्हाला तेव्हा रात्र लागली होती.

हीटिंगमध्ये मात्र ते कमी पडले. प्लॅनमध्ये नुसता हॉट वॉटर बॉयलर टाकलेला. टाकीतलं पाणी 60 अंशांवर ठेवायला तो ठीक आहे, नाहीतर लिजिओनेला जंतूची भीती, पण ऑटोक्लेव्हचं, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनचं काय? तिथे 121 किंवा 134 अंशांची वाफ लागते, आणि स्टरलाइज केलेली हत्यारं संपली की थंडगार ऑपरेशन थिएटर असून उपयोग नाही. मी दाखवून दिल्यावर स्टीम बॉयलर घातला, पण सॉफ्ट पाणी (क्षार काढलेलं), ब्लोडाऊन (बॉयलरमधलं साचलेलं घाण पाणी सोडणं), ऑपरेटर यांचं पुन्हा मलाच विचारावं लागलं.

अजून एक, ॲग्रीमेंट नीट वाचा. 19 जुलै 2022 च्या उष्णतेत लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस हॉस्पिटलची दोन्ही डेटा सेंटर्स एकाच दिवशी बसली, म्हणजे एकमेकांना आधार म्हणून धरलेल्या दोन जागा एकाच उन्हाने पाडल्या. भाड्याच्या मशीनचंही तेच, ज्या दिवशी तुम्हाला हवं त्याच दिवशी सगळ्यांनाच हवं असतं. आमच्या पहिल्या मसुद्यात 'उपलब्धतेनुसार' असा शब्द होता, तो काढायला लावून दोन मशीन आमच्या नावावर राखीव करून घेतली, त्याचं वर्षाचं भाडं वेगळं पडतं पण मी ते आनंदाने मंजूर करून घेतलं.

कूलिंगला 5 पैकी साडेचार, हीटिंगला अडीच. पुढचं ड्रिल वाफेचं आहे, ते झालं की इथेच लिहीन.