लाइट गेलीये, कळलं! : ६०० व्हीएचा यूपीएस, दीडएक वर्षाच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगतो. यूपीएस (लाइट गेली की कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालू ठेवणारा डबा) ठीक आहे. बॅटरी गेली, बदलली, आता पुन्हा ठीक आहे. पैसे वसूल झाले असं म्हणवत नाही आणि पाण्यात गेले असंही नाही. मला बोलायचंय ते त्याच्या आवाजाबद्दल. ज्यांना फक्त 'बॅकअप किती मिनिटं' एवढंच हवंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या डब्यांची झाकणं काढली की आत सगळीकडे तोच मसाला असतो: एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर, चार रिले, १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणारी सीलबंद बॅटरी आणि एक बझर. सगळं दुखणं या बझरचं. लाइट गेली की दर दहा सेकंदांनी 'टूँ'. म्हणजे तासाला ३६० वेळा. डब्यावर '६०० व्हीए / ३६० वॅट' अशी क्षमता छापलेली असते. त्यातले ३६० वॅटचे नसून टूँचे आहेत असा माझा पक्का संशय आहे. समोर बटण एकच. ते दोन सेकंद दाबून धरलं की आवाज बंद होईल असं वाटतं, तर अख्खा यूपीएसच बंद होतो. म्यूट नावाची सोय महागड्या मॉडेलमध्ये मिळते. गप्प बसण्याचे जादा पैसे घेणारं दुसरं यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

आणि तो सांगतो काय? तर लाइट गेली. अरे, पंखा थांबलाय, फ्रिजची घरघर बंद झालीये, शेजारच्या बिल्डिंगमधून 'तुमच्याकडे आहे का?' असा पुकारा झालाय, मी अंधारात बसलोय. मला कळलंय! आई हॉलमधून हाक मारते, "अरे, तो काय म्हणतोय बघ जरा." काही म्हणत नाहीये गं, उगाच ओरडतोय. अलीकडे प्रत्येक वस्तूला हा रोग जडलाय. वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाले की धून वाजवतं, फ्रिजचं दार भाजी निवडेपर्यंत उघडं राहिलं तर बोंब, लिफ्टमधली बाई दार लावायची विनवणी करतच असते. पण वॉशिंग मशीन निदान मला माहीत नसलेली गोष्ट तरी सांगतं.

आता बॅकअप. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-अवर, माझा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून साधारण ९० वॅट खातात (वॉटमीटर लावून पाहिलंय, डब्यावरचे आकडे मी मानत नाही), म्हणजे ५६ मिनिटं मिळायला हवीत, असा हिशेब नवखा माणूस करतो. मिळतात पंचवीसच्या आसपास, तीही बॅटरी कोरी असताना. ७ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश वीज काढली तर खरा असतो. एका दमात खेचायला गेलं की शिसं-आम्लाची बॅटरी हात आखडता घेते, आणि १२ व्होल्टचे २३० करताना इन्व्हर्टरही आपली दलाली कापतो. गेमिंगचं मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर या डब्याच्या वाटेला जाऊच नका; फाइल सेव्ह करायलासुद्धा धाप लागेल. माझं तसं नाही. कार्डाच्या किमती बघून मी गेमिंगमधून केव्हाच स्वेच्छानिवृत्ती घेतली.

पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. नळाला पाणी नाही आणि महावितरणचं दुरुस्तीचं कामही बऱ्याचदा त्याच दिवशी. सोसायटीचा जनरेटर आहे, पण तो लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. पूर्वी लाइट गेली की लोक गॅलरीत येऊन गप्पा मारायचे. आता वायफाय गेलं म्हणजे गेटवरच्या ॲपचं नोटिफिकेशन वेळेवर येत नाही, वॉचमन आलेल्या पाहुण्याला खाली ताटकळत ठेवतो, आणि सगळी बिल्डिंग एकदम मोबाइल डेटावर तुटून पडल्याने यूपीआयचं चक्र गरगरत राहतं. भाजीवाल्याला वीस रुपये द्यायला खिशात नाणं नाही आणि फोनमध्ये रेंज नाही. म्हणून घेतला होता यूपीएस. राउटरही त्याच्यावरच जोडला होता.

'लॅपटॉप का नाही घेत?' असं विचारणाऱ्यांनी माझ्या मॉनिटरकडे आणि वयाकडे बघावं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी लाइट गेली आणि यूपीएसने एकच लांब सूर काढून मान टाकली. बॅकअप शून्य. तळाचे चार स्क्रू काढून पाहिलं तर बॅटरी दोन्ही अंगांनी फुगलेली. वॉरंटी कार्डावर स्वच्छ लिहिलंय, बॅटरीसकट दोन वर्षं. फोन लावला. भाषेसाठी १ दाबा, तक्रारीसाठी ४ दाबा, अनुक्रमांक सांगा, ओटीपी सांगा. ते सगळं सांगून झाल्यावर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, बॅटरी फुगली असेल तर ते फिजिकल डॅमेजमध्ये येतं. वॉरंटी लागू नाही."

"मी फुगवली का ती?"

"तसं नाही सर, वापरामुळे फुगते."

"वापरायलाच घेतला होता."

यावर त्याच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. सर्व्हिस सेंटरला घेऊन या म्हणाला. नेला. काउंटरवरच्या माणसाने डबा उघडायची तसदीही घेतली नाही. मी मोबाइलवर काढलेला फोटो त्याने पाहिला, मान हलवली आणि नव्या बॅटरीचा असा भाव सांगितला की त्यात आणखी थोडी भर घालून नवा यूपीएस आला असता. घरी पोचेपर्यंत मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया पाच स्टार द्या. या टप्प्यावर मी एक स्टार देऊन हा लेख संपवणार होतो. मसुदा तयार होता, भाषा जरा जास्तच तिखट होती.

तो मसुदा तसाच राहिला, कारण त्या शनिवारी तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दुसऱ्याच कामाला जाणं झालं. (एचडीएमआय केबल. ऑनलाइनपेक्षा शंभर रुपये स्वस्त, आणि आधी टीव्हीला लावून दाखवतात.) तिथे बोळात एक काका फक्त यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतभर उघडे बोर्ड. डबा सोबत नेलाच होता. काकांनी आधी बॅटरी काढायला घेतली. ती फुगून खाचेत इतकी गच्च बसली होती की कडेने स्क्रू-ड्रायव्हर सरकवून मिलीमीटर मिलीमीटर वर आणावी लागली. मग त्यांनी एक जुनी चालू बॅटरी जोडली, यूपीएस मेनला लावला, चहा सांगितला आणि चहा संपल्यावर मीटरचे दोन टोक लावून मला आकडा दाखवला. १४.६.

"साहेब, बॅटरीचा दोष नाही. हा तिला शिजवतोय."

वर्षभर मेनला लटकून राहणाऱ्या बॅटरीला १३.५ ते १३.८ च्या आसपास व्होल्ट द्यायचे असतात. १४.६ हे रिकामी बॅटरी झटपट भरताना चालतं, तिथेच कायम ठेवलं तर आतलं पाणी उडून जातं, गरम होते, फुगते. त्यात माझा यूपीएस टेबलाखाली कॅबिनेटच्या गरम हवेत बसलेला, आणि या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्मं होत जातं. पण मूळ दुखणं चार्जरचं, म्हणजे सरळसरळ कारखान्याचं. सर्व्हिस सेंटरमध्ये एवढं मीटर लावायला कुणाला दोन मिनिटं सापडली नाहीत. काकांनी बोर्डावरचा निळा प्रीसेट (व्होल्ट कमी-जास्त करायचा बारीक स्क्रू) केसभर फिरवून आकडा १३.६ वर आणला, नवी बॅटरी बसवली, जुनी ठेवून घेतली आणि तिच्यातल्या शिशाचे पैसे बिलातून वजा केले. एकूण खर्च हजारच्या थोडा वर. (जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेऊन मार्गी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांची आहे. नवी घेताना तिथेच जुनी द्यावी.)

निघता निघता मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, काका, तो बझर तेवढा उपटून टाका. काळं गोल बुटकं डबडं, खाली दोन पाय, सोल्डरिंग आयर्न तापलेलंच होतं. काका म्हणाले, "काढत नाही. ओव्हरलोड झाला तर हाच ओरडतो. बोर्ड जळाल्यावर मग माझ्याकडे याल." आणि त्याच्या तोंडावरच्या भोकाला काळ्या टेपचे दोन थर लावून दिले. बरणीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज येतो आता. हॉलपर्यंत जात नाही, टेबलापाशी कळतो. पटलं मला. या पन्नास पैशांच्या टेपने मिळालेलं समाधान नव्या एसएसडीने मिळालं नव्हतं.

तर आता मत बदललंय, पण यूपीएसबद्दल कमी आणि राउटरबद्दल जास्त. राउटर या डब्यावर लावणं हा शुद्ध अपव्यय आहे. बॅटरीत १२ व्होल्ट, त्याचे २३० करायचे, मग ॲडाप्टरने पुन्हा १२ करायचे; नुसता रिकामा इन्व्हर्टर चालू ठेवायला जाणारी वीज राउटरच्या खाण्याइतकी असते. राउटरसाठी तो हातभर नाही, वीतभर डीसी यूपीएस घ्या, आत लिथियमचे सेल असतात, १२ व्होल्ट आत, १२ व्होल्ट बाहेर. मी त्याला खेळणं म्हणत होतो, आता त्याच्यावर दोन-अडीच तास नेट चालतं. फक्त खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. '७८०० एमएएच' हे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. १२ व्होल्टला ते २४०० च्या घरात येतं, त्यातही थोडं गळतं. आणि मुख्य म्हणजे तो डबा बोलत नाही. एक हिरवा दिवा, बस्स.

राहिली शेवटची आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. हा ६०० व्हीएवाला घरातल्या प्रत्येक जिवाला लाइट गेल्याचं ओरडून सांगतो, पण ज्या एकाला सांगायला हवं त्या कॉम्प्युटरला सांगत नाही. पाठीमागे यूएसबी पोर्टच नाही. ज्या यूपीएसना तो असतो ते लिनक्सवर 'नट' म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्सशी नीट बोलतात: बॅटरी इतकी उरली, आता बंद हो. एका पोर्टच्या आणि एका चिपच्या खर्चात ही सोय स्वस्तातल्या डब्यातही बसली असती. बझर मात्र सगळ्यांना. मी बाहेर असताना लाइट गेली की मशीन पंचवीस मिनिटं इमानेइतबारे चालायचं आणि मग धाडकन बंद. लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम जर्नलमुळे, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवत असल्यामुळे, सावरून घेते, पण बॅकअपची अर्धवट कॉपी आणि अपडेटच्या मध्यात मेलेली सिस्टिम निस्तरायला संध्याकाळ जाते.

यावर फुकटातला उपाय काढलाय, ज्यांच्याकडे असाच मुका-बहिरा यूपीएस आहे त्यांच्यासाठी लिहितो. कपाटात पडलेला जुना वायफाय रिपीटर (वायफायची रेंज वाढवणारं डबडं) थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला, यूपीएसवर नाही. लाइट गेली की तो मरतो. राउटर डीसी यूपीएसवर जिवंत, कॉम्प्युटर यूपीएसवर जिवंत. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला कॉम्प्युटर दोघांनाही पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' असं विचारतो. राउटर उत्तर देतोय पण रिपीटर सलग पाच वेळा गप्प, म्हणजे लाइट गेलीये. तेव्हा सगळं नीट आवरून शटडाउन. राउटरही गप्प असेल तर काही करायचं नाही, कारण गडबड नेटवर्कची असू शकते. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे. रिपीटरला राउटरमधून कायमचा आयपी देऊन ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की मशीन भर दुपारी झोपी जाईल.

गेले काही गुरुवार हे बिनबोभाट चाललंय. एकदाच भर उजेडात कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांसमोर शिस्तीत बंद झाला. पंखा चालू, फ्रिज चालू. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर रिपीटर ओट्यावर, आणि त्याच्या सॉकेटमध्ये मिक्सरचा प्लग. खोबऱ्याचं वाटण चाललं होतं. आता रिपीटर चपलांच्या स्टँडवरच्या सॉकेटला आहे. तिथे मिक्सर नेण्याचं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही.

यूपीएसला पाचपैकी तीन स्टार. त्यातला एक काकांचा.