सीट अडकत होती, तेव्हाच मॅटिंग उचलून बघायला हवं होतं

आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ची. बाबांनी नंबर लावून घेतलेली. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, ती आमची फियाटच. बाबांची नजर कमी झाल्यावर ती सहा वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. मग मी ती पूर्ण नवीन करून घ्यायची ठरवली आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या गॅरेजला दिली. तिथे जुन्या गाड्यांचंच काम चालतं. पत्राकाम, रंग, इंजिन, सीटची कव्हरं, वायरिंग, सगळं मिळून ३ लाख ४० हजार ठरले. सात महिन्यांनी गाडी मिळाली. तो मूळचा फिका आकाशी रंग बघून बाबांना बोलवेना.

फक्त ड्रायव्हरची सीट सरकत नव्हती.

बाबा जवळजवळ सहा फूट, मी पाच फूट एक इंच. सीट पूर्ण पुढे आल्याशिवाय माझा क्लच पूर्ण दाबला जात नाही. लिव्हर ओढून जोर लावला की सीटची उजवी बाजू थोडी हलायची, डावी जागची हलायची नाही. लाकडी कपाटाचा खण तिरपा होऊन अडकतो, अगदी तशी. गॅरेजवाले म्हणाले, "मॅडम, नवीन काम आहे, वापराल तशी मोकळी होईल." आठ दिवसांनी त्यांनी ग्रीस भरून दिलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या रेल झिजल्यात, बदलाव्या लागतील, ओरिजनल कंपनीचा जुना स्टॉक त्यांच्या ओळखीत आहे, जोडीचे ९ हजार ८०० होतील.

इथे मी थांबून विचार करायला हवा होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली. कुणाकडे जुना कोरा माल निघतोही, पण मग तो खोक्यासकट दाखवायला काय हरकत असते? मी खोकं मागितलं नाही आणि जुन्या रेलही परत मागितल्या नाहीत. पैसे रोख दिले. मिळाली ती हाताने लिहिलेली चिठ्ठी. तिच्यावर शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, फक्त 'सीट रेल सेट' एवढे शब्द आणि आकडा.

यानंतर सीट खरंच सरकायला लागली. पूर्वीइतकी अडकत नव्हती, पण तिला जागेवर धरणारं लॉक जरा जास्तच सहज सुटायचं.

तीन आठवड्यांनी बाबांना घेऊन कात्रजच्या घाटातून जात होते. चढावर पुढचा ट्रक थांबला, मी थांबले. पुन्हा निघताना क्लच सोडत अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि सीट माझ्यासकट खाडकन मागे गेली. दोन्ही पाय पेडलवरून सुटले. गाडी मागे घसरायला लागली. स्टिअरिंगला धरून मी स्वतःला पुढे ओढलं आणि कसाबसा ब्रेक दाबला. मागच्या टेम्पोवाल्याने अंतर ठेवलं होतं, म्हणून आज हे लिहिते आहे. बाबा डावीकडे दरवाजाला धरून गप्प बसले होते. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रीकाकांना घरी बोलावलं. वयामुळे त्यांनी गॅरेज बंद केलंय, पण पाने घेऊन आले. त्यांनी सीट काढली नाही. आधी रेलचे गाडीच्या जमिनीतले, म्हणजे तळाच्या पत्र्यातले, चारही बोल्ट दोन-दोन आटे सैल केले आणि मला म्हणाले, "ताई, आता ढकला." लिव्हर ओढून एका हाताने ढकलली, तर सीट लोण्यासारखी गेली. बोल्ट आवळले, पुन्हा जड झाली. काका म्हणाले, "रेल चांगल्या आहेत. जमीन वाकडी आहे."

ही परीक्षा कुणालाही करता येते, म्हणून नीट सांगते. सीटच्या दोन्ही रेल एकमेकींना समांतर आणि एका पातळीत असाव्या लागतात. बोल्ट सैल केल्यावर सीट मोकळी झाली, तर दोष रेलच्या बसवणीत असतो. सैल करूनही अडकली, तर गंज, सुकलेलं ग्रीस, मार्गात बसलेला रंग नाहीतर रेलच वाकलेली, यांपैकी काहीतरी. काकांनी टेप लावला. दोन रेलमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं हवं, ते ८ मिलिमीटरने कमी-जास्त होतं.

मग सीट बाहेर काढली. बाबा खुर्चीवर बसून होते. त्यांनी रेल हातात मागितली, काळ्या चकचकीत रंगावरून बोट फिरवत नेलं आणि मध्येच थांबले. "ही माझी खूण आहे," म्हणाले. आई गाडी चालवायची तेव्हा सीट पुढे घ्यायची. नंतर आपली जागा पटकन सापडावी म्हणून बाबांनी रेलच्या कडेला कानशीने एक खाच पाडली होती. ती खाच नव्या रंगाखाली तशीच होती. ९ हजार ८०० रुपयांच्या 'ओरिजनल नवीन' रेल म्हणजे आमच्याच रेल, घासून रंगवलेल्या. आणि सीट मोकळी वाटावी म्हणून लॉकचा दात कानशीने घासून लहान केला होता. घाटात तो सुटला तो त्यामुळे.

पण खरी फसवणूक जमिनीवरच्या मॅटिंगखाली होती. काकांनी डांबरी शीट सोलली आणि कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक जमिनीवर फिरवलं. डाव्या रेलच्या आसपास ते जागोजागी चिकटेचना, म्हणजे तिथे लोखंड नव्हतंच. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला. गंजलेला पत्रा कापून नवीन घालण्याऐवजी वर पातळ पत्र्याचं ठिगळ चार ठिकाणी टाचलं होतं, कडा पुटीने, म्हणजे खड्डे बुजवायच्या लेपाने, भरल्या होत्या आणि खालून काळं कोटिंग मारलं होतं. रेलची भोकं ठिगळावर अंदाजाने पाडली होती, म्हणून रेल तिरप्या. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते, बॉडी आणि जमीन हाच तिचा सांगाडा. सीट ज्या पत्र्याला धरून असते तो पुटीचा असेल, तर टक्कर झाल्यावर सीट माणसासकट उपटून येऊ शकते. सात महिन्यांत गॅरेजने मला फोटो भरपूर पाठवले, सगळे रंगाचे. जमिनीचा एकही नाही, आणि मीही कधी मागितला नाही.

गाडी कामाला दिली असेल, तर रंगाआधी उघड्या पत्र्याचे फोटो मागा, जमिनीचे आधी. मॅटिंग टाकण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा. बदललेला प्रत्येक भाग परत घ्या, भंगार असला तरी. देण्याआधी आपल्या भागांवर कुठेतरी आपली खूण करून ठेवा. आमच्याकडे ती योगायोगाने होती. आणि सीट, दरवाजा, डिकी काहीही घट्ट लागत असेल तर 'वापराने मोकळं होईल' हे ऐकून गाडी घेऊन येऊ नका.

गॅरेजमध्ये खाचेचा फोटो दाखवल्यावर रेलचे पैसे त्यांनी अर्ध्या तासात परत केले. जमिनीबद्दल मात्र "गाडी जुनी आहे, एवढं चालतं" हेच उत्तर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यातून काही हाती लागलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पक्कं बिल नसल्यामुळे बँकेतून दिलेले हप्ते, मोबाइलवरचे निरोप आणि काकांसमोर काढलेले फोटो एवढाच माझा पुरावा. कामाच्या पैशांपैकी रोख दिलेल्या ८० हजारांचा काहीच पुरावा नाही.

जमीन काकांनी त्यांच्या जुन्या टिंकरकडून, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याकडून, करून घेतली, ४६ हजारांत. पत्रा कापताना मी तिथे उभी होते. लॉकचा दात जुन्या बाजारात मिळालेल्या दुसऱ्या सेटमधला लावला. रेल आमच्याच ठेवल्या. खाचेवरचा काळा रंग बाबांनी स्वतः पॉलिश पेपरने काढला.