ई-कोर्ट्स अ‍ॅप फुकट आहे, तरी वकिलांची डायरी विकत घ्याच

सनद मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ज्युनिअरच्या वाट्याला मुख्यतः तारखा सांभाळण्याचं काम येतं. उलटतपासाची संधी कधीतरी मिळते, तारखा मात्र रोज. त्या डोक्यात ठेवणारा ज्युनिअर रात्री अकरालाही सिनियरच्या फोनवर असतो. ज्याने त्या नीट लावल्या, तो आठला घरी जातो. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे अ‍ॅप इथे किती उपयोगी पडतं आणि कुठे दगा देतं, ते पाहू.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीच्या प्रकल्पाखाली एनआयसीने (केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरने) बनवलेलं हे अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मोफत आहे. पाचपैकी साडेतीन तारे. वजा केलेल्या दीड ताऱ्यातला एक उशिरा चढणाऱ्या तारखांचा, अर्धा शोधातल्या स्पेलिंगच्या छळाचा.

सगळा कारभार सीएनआर नंबरवर, म्हणजे प्रत्येक केसच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर, चालतो. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक त्या न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. पुण्याची केस असेल तर सुरुवात ‘एमएचपीयू’ने होते. नवखे इथे दोन चुका करतात. एक, मधल्या सहा अंकांनाच दाव्याचा नंबर समजून अर्जावर तोच लिहितात. दाव्याचा नंबर वेगळा असतो. दोन, पाचव्या-सहाव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टाकतात आणि केस सापडत नाही म्हणून अ‍ॅपला शिव्या देतात. पहिल्या चारनंतर सहसा अंकच असतात, आणि नंबर टाकताना मध्ये रेघ किंवा मोकळी जागा सोडायची नाही. वकीलपत्र घेतलं की त्याच दिवशी फाइलच्या कव्हरवर, आतल्या बाजूला, सीएनआर पेनने लिहून ठेवावा. पक्षकार फोनवर ‘माझी केस’ एवढंच सांगतो, दाव्याचा नंबर त्याच्या गावीही नसतो.

सीएनआर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावं लागतं आणि तिथे खरी कसरत. किमान तीन अक्षरं आणि वर्ष लागतं. चौधरी हे आडनाव रेकॉर्डवर इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी चढलेलं असतं, गायकवाड दोन तऱ्हांनी, आणि शेखमध्ये ‘ए’ किती हे टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. पूर्ण आडनाव टाकण्यापेक्षा पहिली तीन-चार अक्षरं टाकून यादी चाळलेली बरी. आडनावाने हाती लागलं नाही तर पहिल्या नावाने, तेही नाही तर समोरच्या पक्षकाराच्या नावाने शोधा. बँका आणि पतसंस्था बहुतेक लवकर सापडतात, कारण त्यांची नावं फारशी चुकत नाहीत.

वकिलाच्या नावाने किंवा सनदेच्या नंबरानेही शोधता येतं आणि बहुतेक ज्युनिअर तिथूनच सुरुवात करतात. इथे एक खड्डा आहे. वकीलपत्र सिनियरच्या नावाचं असेल तर केस सिनियरच्या नंबरावर चढते, तुम्ही दर तारखेला उभे राहत असलात तरी. जुन्या केसेसमध्ये तर वकिलाचं नुसतं नाव असतं, सनद नंबर जोडलेलाच नसतो. त्यामुळे सनद नंबराने आलेली यादी म्हणजे आपलं संपूर्ण काम असं धरून चालू नये. ऑफिसमधल्या फाइली एकेक उघडून सीएनआरने केस शोधावी आणि ‘माय केसेस’ या साठवलेल्या केसेसच्या यादीत टाकावी. शंभर फाइलींना दोन संध्याकाळी जातात, पण हे एकदाच करायचं असतं.

दुसरा खड्डा जास्त खोल. हा शोध ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ अशा दोन खणांत विभागलेला आहे आणि आपण पाहतो फक्त प्रलंबित. समजा एका तारखेला वादीकडून कोणीच हजर नव्हतं, प्रतिवादी हजर होता आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ८ खाली दावा डिसमिस झाला. तो प्रलंबित यादीतून गुपचूप निघून जातो. यादीत नसलेली गोष्ट डोळ्याला टोचत नाही. दावा पुन्हा फाइलवर घेण्याच्या अर्जाला मुदत ३० दिवसांची, तीही डिसमिस झाल्या दिवसापासून. महिनाभराने पक्षकार विचारायला येतो तेव्हा विलंब माफीचा अर्जही सोबत जोडावा लागतो. ‘माय केसेस’मध्ये साठवलेली केस अशी गळत नाही, ती निकाली झाल्याचं तिथे दिसतं. शोधयादीवर विसंबायचं नाही, ते यासाठी.

अ‍ॅपचं सर्वांत मोठं बळ म्हणजे केसचा इतिहास. आजवरच्या सगळ्या तारखा, कोणत्या न्यायाधीशांपुढे, कशासाठी, आणि तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं याची छोटी नोंद. सिनियरने सकाळी सव्वादहाला ‘ही तू बघ’ म्हणून अनोळखी फाइल हातात दिली, तर शेवटच्या पाच तारखांच्या नोंदी वाचायला चार मिनिटं पुरतात. समोरच्याने से, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, द्यायला किती वेळा मुदत मागितली हेही तिथे मोजता येतं आणि ‘साहेब, ही चौथी तारीख आहे’ असं ठामपणे सांगता येतं. लेखी कैफियतीचे, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे, दिवसही इथूनच मोजावेत: समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारण दाखवून ९० पर्यंत, आणि व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दारच बंद. मात्र बजावणीची तारीख अ‍ॅपवर दिसेलच असं नाही, त्यासाठी बेलिफाचा अहवाल फाइलमध्ये पाहावा लागतो.

आता दुखणं. महाराष्ट्रातल्या दिवाणी केसेसमध्ये पुढच्या टप्प्याच्या रकान्यात पुष्कळदा एवढंच दिसतं: ‘आर्ग्युमेंट ऑन एक्झिबिट’, पुढे एक लांब रेघ आणि ‘अनरेडी’. निशाणीचा, म्हणजे दाखल अर्ज-कागदाला कोर्टाने दिलेला, नंबर हवा तिथे रेघच. युक्तिवाद निशाणी ५ वरच्या मनाई अर्जावर आहे की निशाणी २३ वरच्या दुरुस्ती अर्जावर, हे अ‍ॅप सांगत नाही. आणि तयारीत दोन्हींचा काडीचाही संबंध नसतो. एकाला प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा समतोल आणि भरून न येणारं नुकसान, दुसऱ्याला दुरुस्तीने दाव्याचं स्वरूप बदलतं का. ही रेघ भरायची जागा म्हणजे तुमची डायरी. कोर्टात तारीख पडली की तिथेच, दाराबाहेर येण्याआधी, चार गोष्टी लिहा: तारीख, टप्पा, निशाणी नंबर आणि कोणी काय करायचं आहे.

तारीख अ‍ॅपवर चढते ती कोर्टातल्या स्टाफने संगणकात भरल्यावर. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, मोठा असेल, साहेब रजेवर असतील, तर ती रात्री दिसते, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून संध्याकाळी अ‍ॅप उघडून तारखा उतरवून घेण्याची सवय वाईट. उलट करायचं. तारीख कोर्टातच डायरीत घ्यायची आणि सातच्या सुमाराला ‘माय केसेस’ रिफ्रेश करून फक्त पडताळायची. जुळली तर बरोबरची खूण, अजून चढली नसेल तर गोल, वेगळी दिसली तर फुली. दिवसाला आठ-दहा केसेस असतील तर वीस मिनिटांचं काम. गोलवाल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायच्या, फुलीवाल्यांसाठी बेंच क्लार्ककडे जाऊन रोजनामा, म्हणजे कोर्टाची त्या दिवसाची नोंद, बघायचा. त्याचा उलगडा होईपर्यंत दोन्हींपैकी आधीची तारीख धरून चालायचं. एकदा फुकट हेलपाटा पडला तरी चालेल. रिफ्रेश करताना नेटवर्क तुटलं तर काही केसेस जुन्याच राहतात, तेव्हा यादीच्या टोकापर्यंत नजर टाका.

या पडताळणीमुळे संध्याकाळ वाचते. पण त्याहून मोठा फायदा तारीख मागताना होतो, आणि तो फार थोडे जण घेतात. कोर्टाने पुढची तारीख विचारली की ज्युनिअर घाईने ‘चालेल साहेब’ म्हणतो. मग एकाच मंगळवारी दोन कोर्टांत दोन साक्षीदार आणि तिसरीकडे अंतिम युक्तिवाद. डायरीचं ते पान आधी उघडा. त्या दिवशी पुराव्याची एक केस असेल तर दुसरी घेऊ नका, नम्रपणे दोन दिवस पुढची मागा. रात्र जाते ती पुराव्याच्या आणि युक्तिवादाच्या तयारीत. सेसाठीच्या किंवा समन्सच्या तारखा दिवसाला दहा असल्या तरी झेपतात.

अ‍ॅपवर आदेश आणि निकालांच्या पीडीएफ मिळतात. वाचायला उत्तम, अपिलाला निरुपयोगी. तिथे प्रमाणित नक्कल लागते. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळला जातो, पण तो अर्ज केल्यापासून, निकालापासून नाही. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. पीडीएफ हातात आहे म्हणून नकलेचा अर्ज दहा दिवस लांबवणं म्हणजे तीसातले दहा घालवणं. निकालाच्या दिवशीच अर्ज द्या.

साठवलेल्या केसेस फोनमध्येच राहतात. अ‍ॅप काढून टाकलं किंवा फोन बदलला की यादी गेली. एक्स्पोर्टने तिची फाइल तयार होते. महिन्यातून एकदा ती स्वतःला मेल करा, नव्या फोनवर इम्पोर्ट केली की झालं. तालुक्याला इंटरनेट रुसलं तर ‘ई-कोर्ट्स’ हा शब्द इंग्रजीत लिहून, पुढे जागा सोडून सीएनआर टाकायचा आणि ९७६६८९९८९९ वर एसएमएस करायचा.

उच्च न्यायालयाच्या केसेस अ‍ॅपवर दिसतात, पण तिथल्या तारखेला जिल्हा न्यायालयाच्या तारखेसारखं धरू नये. मॅटर बोर्डावर आलं का, हे आदल्या संध्याकाळी मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहावं, पुरवणी बोर्डासकट. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ज्युनिअरना हे आता रोजचंच झालंय. तहसीलदार आणि प्रांतांपुढची महसुली प्रकरणं मात्र इथे शोधू नका, ती डायरीतच सांभाळायची.

महिन्याला पैसे घेणारी खासगी अ‍ॅप्सही आहेत. ती आपणहून तारखा कळवतात, सोय आहे. पण माहितीचा झरा हाच, त्यामुळे इथे उशिरा चढलेली तारीख तिथे लवकर येणार कुठून? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलंय. सुचवलंय एवढंच, सक्ती नाही. ते हाती पडेपर्यंत खासगी अ‍ॅपवर खर्च टाळा आणि डिसेंबरात डायरी घ्या: दिवसाला पूर्ण पान असलेली, रविवारालाही पान असलेली. अर्ध्या पानाची स्वस्त पडते, पण तिच्यात निशाणी नंबर लिहायला जागा उरत नाही.