कारखान्यातलं प्रशिक्षण मूडलवर नेल्यानंतरचा अनुभव

आमचा कारखाना चाकण एमआयडीसीत. शीट मेटल प्रेस, वेल्डिंग, ईओटी क्रेन (छताजवळच्या रुळांवर फिरणारी विजेची क्रेन) आणि निम्म्याहून जास्त कामगार कंत्राटी. सुरक्षा प्रशिक्षण माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं पद्धत एकच होती: शिफ्ट सुटली की ट्रेनिंग रूम, प्रोजेक्टर, दोन तास भाषण आणि शेवटी हजेरीपत्रकावर सह्या. गेल्या दिवाळीनंतर यातला ऐकण्याचा भाग आम्ही मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर टाकला आणि हाताने करायचा भाग फ्लोअरवर ठेवला. आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे पुरेसं वापरून झालंय.

मूडलच का? २००२ पासून चालत आलेली मुक्त स्रोत प्रणाली आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस मात्र लागतो, तो खर्च आधीच धरा. मोबाइल अ‍ॅपमध्ये धडा उतरवून नंतर नेटशिवाय पाहता येतो. आमच्या शेडमध्ये रेंज जेमतेम येते, त्यामुळे ही सोय फार कामाची ठरली. युजरनेम म्हणून प्रत्येकाचा टोकन नंबर ठेवला. तो सगळ्यांना झोपेतही पाठ असतो.

सुरुवातीला एका पुरवठादाराकडून तयार कोर्स घेतले होते. परदेशी कारखान्याची चित्रं, भाषांतर केलेलं अवघड मराठी आणि ‘पुढे’चं बटण. लोक बटण दाबत शेवटपर्यंत जायचे आणि डोक्यात काहीच राहायचं नाही. ते बंद केले. मग आमच्याच प्रेसवर, आमच्याच सीनियर फिटरच्या तोंडून चार-पाच मिनिटांचे व्हिडिओ काढले, मराठीत आणि हिंदीत. व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारतो आणि उत्तर दिल्यावर पुढे जातो. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी प्रश्न आवाजात आणि पर्याय चित्रांत. ही मेहनत मोठी आहे, पण सगळा फरक इथूनच पडला.

सर्वात मोठा फायदा आम्हाला प्रश्नोत्तरांच्या अहवालात सापडला. कुठला प्रश्न किती जणांचा चुकला हे मूडल दाखवतं. स्लिंगच्या, म्हणजे क्रेनच्या हुकाला वजन टांगायच्या दोरीच्या, कोनाचा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचाच चुकला होता, वीस वर्षं क्रेनखाली काम केलेल्यांचासुद्धा. स्लिंगचे दोन पाय (हुकापासून वजनापर्यंतच्या दोन दोऱ्या) जितके फाकवू तितकी पकड भक्कम, अशी सर्वांची समजूत. वर्गात विचारलं की सगळे मान डोलवायचे, त्यामुळे ही गोष्ट कधी उघडच झाली नव्हती.

मग फ्लोअरवर १०० किलोचं वजन घेतलं आणि स्लिंगच्या दोन्ही पायांना एकेक लटकता डिजिटल काटा लावला. पाय सरळ उभे असताना प्रत्येक काट्यावर ५०. जमिनीशी ६० अंशांचा कोन केला तर ५८ च्या आसपास, ४५ ला ७१, आणि ३० अंशांवर आणलं तेव्हा दोन्ही काट्यांवर १००-१००. एक जुने स्लिंगर मामा काट्याजवळ जाऊन आकडा पुन्हा वाचून आले आणि म्हणाले, “वजन तेवढंच, आणि दोरीवर दुप्पट? मग आपली दोरी का तुटली ते आज कळलं.” हे दाखवायला पूर्वी वेळच उरायचा नाही, कोन म्हणजे काय हे सांगण्यातच तास संपायचा.

आता त्रासाच्या गोष्टी. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले म्हणजे काम येतं असं अजिबात नाही. लॉकआउटच्या, म्हणजे दुरुस्तीआधी यंत्र बंद करून त्याला कुलूप लावण्याच्या, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेल्या एका ऑपरेटरने पॅनेलवर कुलूप लावलं, टॅग लावला, चावी खिशात टाकली आणि थेट डायकडे (प्रेसच्या साच्याकडे) हात नेला. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून यंत्र खरंच मेलंय ना हे बघायचं असतं, फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) थांबलंय आणि हायड्रॉलिक प्रेशर उतरलंय याची खात्री करायची असते. पडद्यावर या पायऱ्या त्याने बरोबर क्रमाने लावल्या होत्या. म्हणून आमच्याकडे ऑनलाइन परीक्षा पास झाली की फक्त प्रात्यक्षिकाला बसता येतं. यंत्रावर काम करायची परवानगी प्रात्यक्षिकाची तपासयादी पूर्ण झाल्यावरच, आणि ती यादी प्रशिक्षक तिथेच उभा राहून मोबाइलवर भरतो. यामुळे दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देण्याचा प्रकारही आपोआप थांबला. आयएसओ ४५००१ या कामगार सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये सक्षमतेचा पुरावा ठेवावा लागतो, त्यासाठी ही नोंद हजेरीच्या सहीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

वेळेवरून बरीच ओढाताण झाली. “घरी मोबाइलवर बघतील की,” असं वरून आलं. मी ठाम विरोध केला. बारा तास राबून खोलीवर गेलेल्या माणसाने स्वतःचा डेटा जाळून कंपनीचं प्रशिक्षण घ्यायचं, हा सरळ अन्याय आहे. आता ट्रेनिंग रूममध्ये टॅब ठेवलेत आणि पाहण्याचा वेळ शिफ्टमध्येच धरला जातो. हे मान्य होणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र गेली. वर्गात चहाच्या वेळी जुने लोक थोडक्यात टळलेले अपघात सांगायचे, आणि नवी पोरं ते कान देऊन ऐकायची. ते पडद्यावर होत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बसवतो, प्रोजेक्टर न लावता. तिथे निघालेल्या दोन किश्श्यांचे आता धडे झालेत.

पन्नासेक कामगारांचं वर्कशॉप असेल तर सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. स्वतःच्या यंत्राचे चार व्हिडिओ काढा, टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा चर्चेच्या) आधी दाखवा, तपासयादी कागदावर ठेवा. कंत्राटी माणसं सतत बदलत असतील, तीन शिफ्ट चालत असतील, तर मूडल जरूर घ्या. पण पहिले दोन महिने एक अनुभवी फिटर प्रशिक्षणासाठी पूर्ण मोकळा मिळेल, हे मॅनेजमेंटकडून आधी लेखी घ्या.