जुना झूम आर-१६, आठ माइक आणि आमचं भजनी मंडळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दिवसभर वही, संध्याकाळी पेटी. मंडळाचं रेकॉर्डिंग आजवर मोबाइलवर व्हायचं, म्हणजे नुसता टाळांचा खणखणाट आणि बुवा शेजारच्या गल्लीतून गातायत असा भास. शेवटी दिवाळीत १३ हजारांना झूम कंपनीचा जुना आर-१६ घेतला, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवणारं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग मशीन. सात महिने घासून वापरलाय, आता त्यावर बोलायला हरकत नाही.

जुना मल्टिट्रॅक बघताना जाहिरातीतल्या ट्रॅकच्या आकड्याला भुलू नका. ट्रॅक म्हणजे आवाज ठेवायचे कप्पे. एका दमात किती माइक आत घेता येतात, हा हिशोब वेगळा. टास्कॅमचा डीपी-००८ मलाही आवडला होता. आठ ट्रॅक, हातात मावेल एवढा. पण एका वेळी दोनच माइक. एकटा गिटार वाजवून गाणारा असेल तर त्याला तेवढं रग्गड. आर-१६ हे २००९ सालचं मॉडेल. सोळा ट्रॅक आणि आठही माइक एकदम.

आठ माइक एकदम कशाला, असं मलाही वाटायचं. पहिल्या रविवारी आम्ही एकेकाला बसवलं. आधी मी पेटी वाजवली, मग पखवाज, मग बुवांच्या कानाला हेडफोन लावून गायला सांगितलं. सूर चोख, पण बुवा लाइट बिल वाचल्यासारखे गायले. भजनात लय हळूहळू चढते, टाळकरी ती चढवतात आणि बुवा तिच्यावर स्वार होतात. टाळच नाहीत तर चढणार काय? ते सगळं पुसलं. पुढच्या रविवारी सगळे एकदम बसले आणि पहिल्याच अभंगाला अंगावर काटा आला.

अडचण टाळांचीच झाली. टाळाचा घाव सगळ्या माइकांत घुसतो. कानाला फार मोठा वाटत नाही, पण मशीनवरचा लाल दिवा लगेच पेटतो आणि तेवढ्यापुरता आवाज फाटतो. आम्ही टाळकऱ्यांना सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत काढलं, मधलं दार वीतभर उघडं ठेवलं आणि दारावर वाकळ टाकली. त्यांच्यासाठी सोप्यात एक माइक, त्याचा गेन, म्हणजे मशीन माइकचा आवाज किती वाढवून घेतं ते, अगदी खाली. चाल धरायला त्यांना बुवा दिसले पाहिजेत म्हणून ती वीतभर फट. धृपद मात्र नंतर टाळ खाली ठेवून, मोकळ्या ट्रॅकवर परत म्हणून घेतलं. सोळा कप्पे असल्याचा फायदा तो इथं.

पखवाजाला दोन माइक दिले, एक शाईच्या बाजूला, एक कणकेच्या. कणीक ओली असताना धूम, म्हणजे पखवाजाची ती बाजू, घुमतो. तासाभरानं ती सुकली की तोच माइक, तोच गेन आणि आवाज पत्र्याचा. म्हणून दर दोन अभंगांनंतर पाण्याचा हात.

तानपुरा मिरजेचा, सतारमेकर गल्लीतून जवारी काढून, म्हणजे तारांखालची घोडी घासून झणकार नीट करून आणलेला. मोबाइलमधला तानपुरा चालला असता, पण बुवा ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. बारीक आवाज टिपणारा कंडेन्सर माइक लागतो तो इथं, आणि त्याला लागणारा ४८ व्होल्टचा फॅंटम, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, या मशीनवर फक्त पाच आणि सहा नंबरलाच मिळतो. पाचला तानपुरा, सहाला पेटी. म्हणजे तिसरा कंडेन्सर घेऊन उपयोग नाही. मी घेतला होता, तो पडून आहे.

वीज गेली तरी सहा पेन्सिल सेलवर मशीन चालतं. आमच्याकडं दुपारी हे होतंच. मात्र फॅंटम चालू असला की सेल भराभर उतरतात. पंख्याचा आवाज माइकात येतो म्हणून तो बंद ठेवावा लागतो, मेमध्ये बुवांच्या कपाळाचा घाम पेटीवर टपकत होता. "अहो, कुकर लावू का आता?" हा आमच्या घरच्या मंडळींचा प्रश्न तिसऱ्या अभंगात सात नंबरच्या माइकवर स्वच्छ आलाय. तो मी काढलेला नाही.

घेताना माझी फसगत दोन ठिकाणी झाली. विकणाऱ्यानं '६४ जीबी कार्ड फुकट' म्हणून खूश केलं. मशीनला ते दिसेचना, कारण ते ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं वाचतं. त्यानं काही बिघडत नाही. २४ बिटच्या चांगल्या दर्जावर एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८ एमबी लागतात, म्हणजे आठ माइक लावून ३२ जीबीत आठ तास बसतात. आमची रात्रभराची भजनं यात आली.

दुसरी फसगत महागात पडली असती. सोबत आलेला अडॅप्टर ९ व्होल्टचा होता आणि मशीनला हवेत ५. पिन अगदी बरोबर बसत होती. दिवाणजीची सवय म्हणून लावायच्या आधी दोन्हींवरचे आकडे ताडून पाहिले, नाहीतर १३ हजारांचा धूर झाला असता. तीन नंबरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खरखरत होता, ती आधीच्या घरची धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीसेक वेळा वरखाली, काम झालं.

मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ घालणं, मशीनवर करता येतं, पण पडदा एवढासा आहे की चष्मा लावूनही मी डोळे बारीक करतो. मी फायली सरळ भाच्याच्या लॅपटॉपवर टाकतो. त्याला आठ आवाज वेगळे मिळतात आणि तो बुवांना चार बोटं पुढं आणतो. मोबाइलवाल्या रेकॉर्डिंगमध्ये हे कुणाच्या बापाला जमलं नसतं.

तो ९ व्होल्टचा अडॅप्टर अजून माझ्या कपाटात आहे. कुणाला त्या मापाचा लागत असेल तर यार्डात येऊन घेऊन जा, पैसे नकोत. येताना आधी तुमच्या वस्तूवरचा आकडा वाचून या.