रेकॉर्डचे बटण नसलेला बॉक्स: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आमच्या साताऱ्याच्या घरी फायबर इंटरनेटची जोडणी घेतली आणि तिच्यासोबत इंटरनेटवर चालणारा टीव्हीचा बॉक्सही आला. त्याआधी चौदा वर्षे आम्ही गच्चीवरची छत्री आणि तिला जोडलेला रेकॉर्डिंगचा बॉक्स वापरत होतो. २०११ च्या क्रिकेट विश्वचषकासाठी म्हणून तो मुद्दाम घेतला होता आणि त्याच्या पोटात ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. ती डिस्क दोन वर्षांपूर्वी कुरकुरू लागली, तेव्हा कंपनीकडे बदलून मागितली. डिस्कवाले बॉक्स आता येत नाहीत, हवा तर साधा बॉक्स घ्या किंवा इंटरनेटवर चालणारा घ्या, असे उत्तर मिळाले. म्हणून आम्ही हा बदल केला. दोन्ही कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही, आता बाजारात उरलेल्या पद्धतीविषयी आहे.

आधी नव्या बॉक्सच्या जमेच्या बाजू सांगतो. तळहातावर मावेल एवढा हा बॉक्स वायफायला जोडला की दहा मिनिटांत सुरू होतो. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जोर धरतो तेव्हा छत्रीचा सिग्नल हमखास जात असे. उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी दाट पावसात क्षीण होतात, त्यामुळे ऐन संध्याकाळी पडदा काळा होऊन ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी येणे आमच्या अंगवळणी पडले होते. गेल्या पावसाळ्यात हे एकदाही झाले नाही. चित्र स्वच्छ आहे, रिमोटवर मराठीत बोलून कार्यक्रम शोधता येतो, आणि ज्यांना रिमोटची बटणे दिसत नाहीत अशा माझ्या आत्याला ही सोय फार आवडली. वीज गेल्यावर मात्र टीव्हीबरोबर राउटर आणि फायबरचे यंत्रही इन्व्हर्टरवर घ्यावे लागते, हे बसवतानाच वायरमनला सांगून ठेवावे.

खर्चाचे म्हणाल तर इंटरनेट, सुमारे डझनभर ॲप आणि टीव्हीच्या वाहिन्या असे सगळे मिळून आम्ही महिन्याला ९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी भरतो. इंटरनेट घरात हवेच होते, त्यामुळे टीव्ही जवळजवळ फुकट पडला असे म्हणता येईल. ज्या घरात केवळ मालिका, चित्रपट आणि बातम्या पाहायच्या आहेत, त्या घराला हा बॉक्स घ्या असे मी मोकळेपणाने सांगेन.

क्रिकेटच्या बाबतीत एक उणीव लगेच लक्षात येते. इंटरनेटवरून येणारे थेट प्रक्षेपण छत्रीच्या मागे धावते, आमच्याकडे हे अंतर साधारण अर्ध्या मिनिटाचे आहे. शेजारच्या घरी अजून छत्री आहे. आमच्या पडद्यावर गोलंदाज धावायला सुरुवात करतो तेव्हा भिंतीपलीकडून विकेटचा जल्लोष ऐकू येऊन गेलेला असतो. याला उपाय नाही, कारण चित्राचे लहान लहान तुकडे करून, ते आधी साठवून मग दाखवायचे, अशीच या पद्धतीची बांधणी आहे.

पण माझी खरी तक्रार रेकॉर्डिंगविषयी आहे आणि ती नीट समजण्यासाठी जुना बॉक्स काय करीत होता हे सांगावे लागेल.

घरच्या टीव्हीला हार्ड डिस्क जोडण्याची कल्पना अमेरिकेत टिव्हो या यंत्राने १९९९ मध्ये बाजारात आणली, आणि आपल्याकडे टाटा स्कायने २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आणून ती लोकांच्या ओळखीची केली. या बॉक्सचे काम तसे सरळ होते. उपग्रहावरून जे सांकेतिक चित्र उतरत असे, तेच जसेच्या तसे डिस्कवर लिहिले जाई, आणि पाहताना बॉक्समध्ये घातलेल्या, रिचार्जशी जोडलेल्या कार्डाच्या साहाय्याने उलगडले जाई. म्हणून रेकॉर्डिंग आणि मूळ प्रक्षेपण यांच्या दर्जात तिळमात्र फरक नसे. एचडी वाहिनीचा एक तास डिस्कवर साधारण तीन जीबी जागा घेई. बॉक्समध्ये दोन ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे दोन भाग, असल्याने एक वाहिनी पाहता पाहता दुसरीवरचे रेकॉर्डिंग लावून ठेवता येत असे, आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात ज्या घरात दोन पिढ्या एका टीव्हीसमोर बसतात, त्या घरात या एका सोयीने किती वाद मिटले असतील, हे अशा घरात राहिलेल्यालाच कळेल. शिवाय जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा नियमाने घातलेली आहे; रेकॉर्ड केलेला भाग पाहताना ती १२ मिनिटे पुढे पळवून आपल्या पदरात पडत असत. नव्या बॉक्सवर मागचे भाग पाहताना जाहिराती येतातच आणि त्या पुढे पळवता येत नाहीत.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आपण जी वाहिनी पाहत असू, तिचे मागचे चित्र बॉक्स न सांगताच डिस्कवर धरून ठेवत असे. त्यामुळे एखादी गोष्ट पडद्यावर येऊन गेल्यानंतरही रेकॉर्डचे बटण दाबून ती ठेवून घेता येत असे. २०१८ च्या जुलैमध्ये आत्या वारीला गेली होती. वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी होणाऱ्या रिंगणाचे थेट प्रक्षेपण मी घरी सहज लावले होते. पताकावाले धावून झाले, मग डोक्यावर तुळशीवृंदावने घेतलेल्या बायका धावू लागल्या, आणि त्यांत हिरव्या नऊवारीतली, एका हाताने वृंदावन आणि दुसऱ्या हाताने पदर सावरणारी माझी आत्या मोजून आठ सेकंद पडद्यावर दिसली. तोंडातून ‘आत्या!’ एवढेच निघाले आणि तोवर कॅमेरा अश्वाकडे वळला होता. मग रिमोटवरचे लाल बटण दाबले, बॉक्सवरचा लाल दिवा लागला, आणि होऊन गेलेली आठ सेकंदे डिस्कवर कायमची उतरली.

त्यानंतर आत्याचे गुडघे गेले आणि वारी थांबली. दरवर्षी माउलींची पालखी आळंदीहून निघाली की ती सोफ्यावर बसून म्हणते, “अरे, माझं रिंगण लाव ना.” पहिल्यांदा नुसते पाहते, दुसऱ्यांदा पाहताना आपल्या मागे धावणाऱ्या बायकांची नावे सांगते. त्यांपैकी दोघी आता नाहीत.

नव्या बॉक्सवर ही गोष्ट घडणेच शक्य नाही, आणि हे मला अतिशय मनापासून खटकते. त्याच्या रिमोटवर रेकॉर्डचे बटण नाही, आत डिस्क नाही. त्याऐवजी ‘कॅच-अप’ नावाची सोय आहे: काही वाहिन्यांचे मागील सात दिवसांतले कार्यक्रम पुन्हा पाहता येतात. मालिकांसाठी ती उत्तम आहे, रेकॉर्डिंग लावायला विसरलो अशी हळहळ आता कोणाला वाटणार नाही. पण कोणत्या वाहिनीचे, कोणते कार्यक्रम, किती दिवस ठेवायचे हे कंपनी आणि वाहिनी यांच्यातल्या करारावर ठरते. आमच्या बॉक्सवर खेळांचे थेट सामने यात नाहीत, आणि जी वाहिनी वारी दाखवते तीही नाही. गेल्या आषाढीला पहाटे अडीचच्या सुमारास होणारी विठ्ठल-रखुमाईची शासकीय महापूजा आईला सकाळी उठून पाहायची होती. पूर्वी आदल्या रात्री रेकॉर्डिंग लावून झोपत असू. या वेळी कॅच-अपमध्ये शोधली तर मिळाली नाही. अखेर यूट्यूबवर काही तासांच्या एका लांबलचक चित्रणात पुढे-मागे करीत ती सापडली. दूरदर्शनने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालेल्या वेव्हज या ॲपवर आपल्या वाहिन्या आणि जुने कार्यक्रम दिले आहेत, तेही आता घरात बसवून घेतले आहे. महापूजा मोठी घटना आहे, तिचे चित्रण कुठे ना कुठे राहतेच. आत्याची आठ सेकंदे कोण ठेवील?

ॲपवर सगळे कायम असते, ही समजूतही खरी नाही. एचबीओच्या मालिका २०२३ च्या मार्चअखेरीस हॉटस्टारवरून गेल्या. आयपीएलचे इंटरनेटवरील प्रक्षेपण २०२२ पर्यंत हॉटस्टारवर होते, २०२३ मध्ये ते जिओसिनेमावर गेले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हे दोन्ही ॲपच एक होऊन जिओहॉटस्टार झाले. यात बेकायदा काहीच नाही, हक्क विकत घेतले जातात आणि त्यांची मुदत संपते. पण पाहणाऱ्याच्या हातात काय राहिले, एवढेच मी विचारतो.

येथे कायद्याची एक बाजू सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण टीव्हीवरचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करणे म्हणजे चोरी, असे अनेकांना वाटते. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की स्वतःच्या खासगी वापरासाठी ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण केल्याने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. शिकवण्यासाठी वा संशोधनासाठी प्रामाणिकपणे केलेल्या मुद्रणालाही हीच सवलत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेटच्या यंत्राच्या खटल्यात, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे योग्य वापरात मोडते, असा निकाल दिला होता. म्हणजे कायद्याने जी मोकळीक दिलेली आहे, ती वापरण्याचे साधन घरातून उचलले जात आहे. हे फक्त आपल्याकडे घडते आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये स्काय या कंपनीने २०२१ मध्ये आणलेल्या स्काय ग्लास या टीव्हीला छत्रीही नाही आणि डिस्कही नाही, आणि ज्या टिव्होपासून हे सारे सुरू झाले त्या कंपनीनेही २०२५ मध्ये डिस्कवाल्या यंत्रांची विक्री थांबवली.

जुन्या बॉक्सची बाजू घेताना त्याचा मोठा दोषही सांगितला पाहिजे. त्यातले रेकॉर्डिंग आपले आहे असे वाटे, पण ते त्या बॉक्सला आणि त्या कार्डाला बांधलेले होते. डिस्क काढून संगणकाला जोडली तर काही दिसत नाही. एचडीएमआयच्या वायरीतून दुसरीकडे उतरवायला गेले तर नकलेला प्रतिबंध करणारे कुलूप आड येते. केबलच्या ज्या स्वस्त बॉक्सवर पेनड्राइव्हमध्ये रेकॉर्डिंग होते, त्यांतल्याही बहुतेकांवर तो पेनड्राइव्ह त्याच बॉक्सवर चालतो. नवा बॉक्स बसवायला आलेल्या मुलाला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, रिचार्ज बंद केलं की कार्ड बंद, आणि कार्ड बंद झालं की आतलं काही उघडणार नाही. आधी उतरवून घ्या.” त्याने हे सांगितले म्हणून बरे, कंपनीच्या एकाही संदेशात तसा उल्लेख नव्हता.

उतरवून घेण्याचा एक मार्ग मात्र आहे. जुन्या बॉक्सच्या मागे पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल अशा तीन जुन्या पिनांची जागा असेल, तर तेथून चित्र बाहेर काढता येते. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारे फोटो स्टुडिओ अजून बऱ्याच गावांत आहेत आणि त्यांच्याकडे त्यासाठीचे यंत्र असते. कार्ड चालू असावे लागते म्हणून बॉक्स त्यांच्याकडे नेऊन भागत नाही. आमच्याकडे स्टुडिओतला मुलगा लॅपटॉप घेऊन घरी आला. एक तासाचे रेकॉर्डिंग उतरवायला एक तासच लागतो आणि एचडीचा दर्जा राहत नाही. ज्यांच्याकडे असा बॉक्स अजून चालू आहे, त्यांनी नव्या बॉक्सच्या जाहिरातीला होकार देण्याआधी हे काम करून घ्यावे, आणि तोवर जुन्या जोडणीचे रिचार्ज थांबवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आम्ही सर्वांत आधी रिंगण उतरवले. कडेला थोडे अस्पष्ट आले आहे, पण आत्याचा चेहरा ओळखू येतो आणि पखवाज नीट ऐकू येतो. २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरील अंतिम सामन्याचा दुसरा डाव मात्र मिळाला नाही. दहाव्या षटकानंतर डिस्क अडकते आणि बॉक्स आपोआप बंद पडतो. अजून एकोणीस रेकॉर्डिंग बाकी आहेत. स्टुडिओतला मुलगा रविवारी दुपारी येतो, आणि किमान पॅकचे रिचार्ज मी आषाढीपर्यंत करून ठेवले आहे.